मेंदीवर नीळ

रहिमतपूर,
ता. ४ डिसेंबर १९७२

ती. सौ. वन्सं यांस,
अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

रेडिओवर तुम्ही ऐकलंच असेल, पण आज घरी तारसुद्धा आली. तुमचे भाऊ शुक्रवारी पाकिस्तानच्या कैदेतून सुटून वाघा सरहद्दीवरून आपल्या मुलखात आले. तपासणी, चौकशी वगैरे उरकून महिनाअखेरीला रजेवर घरी येतील. आत्याबाईंनी तार जी कनवटीला लावली ती लावलीच. वाचता येत नाही तरी दर तासाला काढून बघतात. मला एकदाच वाचायला मिळाली.

आनंदाचं पत्र लिहायला बसले आणि लिहायचंय भलतंच. हसू नका. माझ्या केसांचं लिहायचंय. तुम्ही मला उन्हाळ्यात पाहिलंत, त्याच्या दुप्पट पांढरे झालेत. गेल्या साली बेपत्ता म्हणून पहिली तार आली आणि सव्वादोन महिन्यांनी, कैदेत आहेत पण जिवंत आहेत, असं कार्ड आलं. त्या मधल्या दिवसांत जे सुरू झालं ते थांबलंच नाही. एकतिसाव्या वर्षी मी आत्याबाईंची धाकटी बहीण शोभते. हे गेले तेव्हा माझ्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता. आता गाडीतून उतरतील, मला बघतील आणि ओळखायला त्यांना वेळ लागेल. वन्सं, तो एवढासा वेळ मला नकोय. सगळं वर्ष निभावलं, पण त्याची मला भीती वाटते.

हाताला चैन नाही. भाकरी तव्यावर करपते आणि मी आरशापाशी उभी असते. इथल्या दुकानात कलप मिळतो, पण शेजारच्या चंद्राबाईंच्या दिराने तो लावला तर डोळे सुजून चार दिवस त्यांना दिसत नव्हतं, आणि केस राठ झाले ते वेगळंच. तुम्ही शहरात राहता. घरच्या घरी, केसांची नासाडी न होता काही करता येत असेल तर लगोलग कळवा. आत्याबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही.

मनूने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. माया आहे तशी असू द्या.

तुमची,
अंजना

*

सांगली, खणभाग,
ता. ८ डिसेंबर १९७२

चि. सौ. अंजनास,
शालनचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग घरच्यांनी हातातून ओढून वाचलं म्हणून त्यांच्यावर चिडले. नवरा जिवंत परत येतोय आणि बाईसाहेबांना वेणीची पडलीय! पण मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं, तेव्हा तुला बोलायचा मला हक्क नाही.

तू विचारलंस ते योग्य जागी विचारलंस. आमच्या घरमालकीणबाई म्हणजे मुल्लाणी चाची. पंचावन्न वर्षांच्या आहेत आणि वेणी अशी काळीभोर की माझी मला लाज वाटावी. त्यांना खोदून खोदून विचारलं. दुकानातल्या कलपाला त्या हात लावत नाहीत. आधी मेंदी लावतात. लोखंडी कढईत भिजवायची, दोन-तीन तास डोक्यावर ठेवायची आणि धुवायची. पांढरे केस भगवे होतील, घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नीळ लावायची. तास-दीड तास ठेवून धुतली की मेंदीचा भगवा आणि निळीचा निळा मिळून काळा होतो. केस तुटत नाहीत, उलट दाट होतात म्हणे.

मी स्वतः येऊन लावून दिलं असतं, पण यजमानांना टायफॉइड झालाय. तिसरा आठवडा चाललाय, पेज सोडून काही पचत नाही आणि अंथरुणातून सगळ्या घरावर हुकूम सोडणं चालू आहे. मला इथून हलता येत नाही. भाऊ येतोय आणि बहिणीला स्टेशनावर जाता येत नाही, याचा जीवाला चटका लागलाय.

आईला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. रागावलीस तरी चालेल, पण पत्र टाकायला विसरू नकोस.

तुझी,
शालन

*

रहिमतपूर,
ता. १४ डिसेंबर १९७२

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

वन्सं, तुम्ही मला काय करायला सांगितलंत! तीन दिवस डोक्यावरचा पदर खाली आलेला नाही.

मेंदी तुम्ही म्हणालात तशीच झाली. पांढरे होते तेवढे केस भगवे झाले. दुसऱ्या दिवशी दुकानातून निळीच्या दोन पुड्या आणल्या आणि पाण्यात घट्ट कालवून डोकंभर लावल्या. मनात एकदा आलं होतं, की ही तर धोतराला घालायची नीळ. पण पांढऱ्या कपड्याचा पिवळेपणा जातो तसा केसांचाही जात असेल, असं वाटलं. तासाभराने धुतलं. केस धड भगवे नाहीत, धड निळे नाहीत. कपाळ निळं, कान निळे, मान निळी. मनू शाळेतून आली ती दारातच ओरडली, की आईला काय चावलं.

यंदा विहिरीने तळ गाठलाय, पाण्याचा हंडा मळ्यातून आणावा लागतो, आणि मी चार हंडे डोक्यावर ओतले. तरी निघेना. म्हणून लिंबू चोळलं. रंग निघायला लागला खरा, पण वास! नासक्या अंड्याचा वास घरभर सुटला. आत्याबाई खुराड्यात हात घालून अंडं शोधत बसल्या. कोंबड्या झाल्या, अंड्यांची पाटी झाली, मग वासाचा माग काढत माझ्याकडे आल्या आणि त्यांनी पदर उचलला. मी मेले असते तर बरं, असं वाटलं. त्यांनी एक बट चोळून बघितली. मग म्हणाल्या, आगं, त्यो कैदेतनं येतोय का जत्रेतनं, तू कशापायी रंगलीस? आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. पाठ हलत होती. हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही.

आता निळा रंग गेलाय, पण भगवा तसाच आहे. म्हणजे हे उतरतील तेव्हा समोर बैरागीण उभी. कंपाउंडरची बायको म्हणते, की जखमेवर ओतलं की फेस येतो ते दवाखान्यातलं पाणी केसांना लावायचं. ते असलेला सगळा रंग खाऊन टाकतं, मग वर हवा तो चढवावा. बाटली उद्या देते म्हणाली. लावू का? पंधरा दिवस राहिलेत. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते, पण मला फार थांबवणार नाही.

रागावले नाही, पण रागावायच्या बेतात आहे.

अंजना

*

सांगली,
ता. १७ डिसेंबर १९७२

चि. सौ. अंजनास,
अ. उ. आ.

बाटली घेतली असलीस तर आधी मोरीत ओत, मग पुढचं वाच.

चूक माझी आहे. चाची म्हणतात वस्मा. म्हणजे निळीच्या झाडाचा पाला, वाळवून कुटलेला, दिसायला मेंदीसारखाच हिरवा. पत्रात वस्मा लिहिलं तर तुला कळणार नाही म्हणून मी शहाणीने त्याचं मराठी केलं, नीळ. दुकानात तू नीळ मागितलीस, त्याने कपड्यांची नीळ दिली; तिच्यात गंधक असतं म्हणे, लिंबाने त्याचाच वास सुटला. दुकानदारही बरोबर, तूही बरोबर, गाढव मी. चाचींना सांगितलं तर त्या तोंडात पदराचा बोळा कोंबून हसल्या आणि मग तुझ्या नावाने त्यांनी दुवा मागितली.

त्या फेसाच्या पाण्याचं ऐक. आमच्या गल्लीतल्या एका बाईला नाटकात मडमेचं काम होतं. तिने तेच पाणी लावलं. केस सोनेरी झाले, टाळ्याही मिळाल्या. पण ते पाणी केसाचा रंग आतून काढतं, तसा केसाचा जीवही काढतं. महिन्याभरात तिचे केस वाळक्या कडब्यासारखे हातात मोडायला लागले. तुला काळं करायचंय, गोरं नाही, मग रंग काढायचाच कशाला? तो भगवा आहे तो राहू दे. वस्मा त्याच्यावरच बसतो.

आमच्या ओळखीचे कंडक्टर नाथाजी यांच्याबरोबर पुडी पाठवलीय, स्टँडवरून घे. आधी चिमूटभर कालवून कानामागे लाव आणि एक दिवस थांब. खाज सुटली, पुरळ आलं तर नाद सोड. नाही आलं तर शिकेकाईने डोकं धू आणि तेलाचं बोट लावू नकोस, तेलावर हा रंग चढत नाही. वस्मा कोमट पाण्यात कालव, लिंबू नको, चिमूटभर मीठ घाल. पाव तासात कडा काळपट निळ्या दिसल्या की लगेच लाव, ठेवून दिलास तर फुकट जातो. दीड तासाने नुसत्या पाण्याने धू. त्या दिवशी केस हिरवट दिसतील. बोंब मारू नकोस. हवा लागली की दुसऱ्या दिवशी काळे होतात.

अंजना, तुला तुझ्या केसांची धास्ती आहे आणि मला मानसिंगच्या डोळ्यांची. लहानपणी तो खोटं बोलला की मला डोळ्यांत दिसायचं. आला की कसा आहे, ते मला खरं लिही.

इथून तुझ्याकडेच नजर लावून बसलेली,
शालन

*

रहिमतपूर,
ता. २६ डिसेंबर १९७२

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

झाले. काळे झाले. पहिल्या दिवशी हिरवे होते आणि तुम्ही आधीच बजावलं होतं म्हणून बोंब मारली नाही. दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर वेणी लग्नातली.

मागच्या बाजूला माझा हात पोचेना. लगदा वाळायला लागला आणि मी घायकुतीला आले. तेवढ्यात आत्याबाई आल्या, मला पाटावर दाबून बसवलं आणि मागचे सगळे केस त्यांनीच माखले. तोंड चालूच होतं, की आमच्या वक्ताला असली थेरं नव्हती, आणि पाणी काय तुझ्या बापानं भरलंय. पण एक केस सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सवयीने तेलाची वाटी घेऊन आल्या, ती मला फडताळामागे लपवावी लागली.

हे शनिवारी मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने येतायत. वाटलं होतं, केस झाले की जीव थाऱ्यावर येईल. नाही आला. झोप लागत नाही. उशाला दोन वेळा हात लावून बघते, रंग लागला की काय. तुमच्या घरच्यांना पेज सोडून भात सुरू केला का?

स्टेशनावर तुमची कमी भासेल.

अंजना

*

सांगली,
ता. ११ जानेवारी १९७३

चि. सौ. अंजनास,
अ. उ. आ.

तो येऊन दहा दिवसांवर झाले, तुझी एक ओळ नाही. मानसिंगचं कार्ड आलं. सुखरूप आहे, सर्व ठीक, आपण कसे आहात. सगळं मिळून तीन वाक्यं. माझा भाऊ असं लिहीत नाही. रागवायचं झालं तरी त्याला दोन पानं लागायची. घरच्यांना आता उठून बसता येतं, पण मला अजून निघता येत नाही. बसल्या जागी जीव वरखाली होतोय. काय चाललंय तिथे? वाईट असेल तरी लिही.

शालन

*

रहिमतपूर,
ता. १९ जानेवारी १९७३

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहिलं नाही, कारण खरं लिहायला सांगितलं होतंत आणि खरं मलाच सापडत नव्हतं.

गाडीतून उतरले आणि सरळ माझ्याकडे आले. एवढासुद्धा वेळ लागला नाही. तू हाय तशीच हायस, म्हणाले. वन्सं, मला तेच हवं होतं. दोन दिवस मी हवेत होते. वाळलेत बरेच, चालताना डावा पाय ओढतात, पण ते सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

मग ते गप्प झाले. गावची माणसं भेटायला येत, त्यांच्याशी ऊस, विहीर, रेशन असं सगळं बोलायचे. मी तिकडचं विचारलं की बरं हुतं, म्हणायचे. मनूची पाटी बघायचे, आत्याबाईंचे पाय दाबायचे, आणि दिवसभर गोठ्यात नसलेलं काम शोधायचे. एकदा जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचं हितं बरं चाललं हुतं, बघून समाधान वाटलं. त्यांना ते मनापासून वाटलं होतं. मीच तसं दाखवलं होतं. या घराने ते वर्ष पाहिलंच नाही असं त्यांना वाटत होतं, आणि सुखातल्या घरात आपलं दुःख कशाला आणा, म्हणून ते तोंड मिटून बसले होते. मलाही सांगता येईना. काळी वेणी पाठीवर टाकून मी कशी सांगणार, की मी पण मेले होते?

बुधवारी दुपारी डोकं धुऊन अंगणात केस वाळवत बसले होते. हे दावं घ्यायला मागून आले आणि उभे राहिले. महिना होत आला होता. भांगाच्या दोन्ही अंगांनी मुळाशी अर्ध्या पेराएवढे पांढरे केस वर आले होते. हे काय, म्हणाले. वय झालं म्हणून मी हसून टाळू शकले असते. नाही टाळलं. कधीपासून, ते सांगितलं. सव्वादोन महिने पोस्टमन दिसला की मी आत पळायचे, ते सांगितलं. माझं कुंकू बघून बाया कुजबुजायच्या, तेव्हा आत्याबाई दारात काठी घेऊन उभ्या राहायच्या आणि माझा ल्योक हाय म्हणून ओरडायच्या, ते सांगितलं. रंगाचंही सांगितलं, निळीसकट.

ते धुण्याच्या दगडावर बसले. माझ्या कपाळापासून मागेपर्यंत भांगावरून बोट फिरवलं, आणि रडले. मामंजी वारले तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग आपणहून बोलायला लागले. पहिल्या थंडीचं, पायाचं, शेजारच्या जागेवर झोपणाऱ्या एका जवानाचं. ते मी लिहीत नाही, तुम्हाला ते स्वतः सांगतील. ऊन अंगणातून कुंपणावर गेलं तरी बोलत होते. आत्याबाई जेवायला बोलवायला आल्या आणि न बोलवताच माघारी गेल्या.

काल मी मुळं रंगवायला उरलेला वस्मा काढला. त्यांनी पुडी माझ्या हातातून घेतली आणि फळीवर ठेवली. माझं सांगून हुईस्तवर असंच ऱ्हाऊ दे, मग कर काळं, म्हणाले. मी विचारलं, किती राहिलंय अजून. लय हाय, म्हणाले.

तेव्हा नवीन पुडी इतक्यात पाठवू नका.

तुमच्या मायेची,
अंजना