बाबांच्या अक्षरातला ताप

३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

छापखान्यातून रजा घेतली आहे. दोन महिने धड झोप नाही, जेवण गोड लागत नाही. तुझी भावजय म्हणते, माणूस घरात असून नसल्यासारखा आहे. शेवटी डॉक्टरकडे गेलो. घराण्यात कोण कशाने गेलं, हे ते खोदून खोदून विचारतात. आजोबा, मोठे काका, आत्या चाळिशीच्या आसपास गेले, एवढंच मला ठाऊक. त्यांचे मृत्यूचे दाखले बाबांच्या ट्रंकेत, तुझ्याकडे आहेत. औषधाच्या दुकानात जन्मभर डॉक्टरांची कुत्र्याचे पाय मांजराला अशी अक्षरं लावलीस, तेवढे वाचून कळव. मीही एकेचाळीसचा झालो.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

शाळा बुडवायला पोटदुखी काढणारा तू आपणहून डॉक्टरकडे गेलास, हे वाचूनच धसका घेतला.

तिन्ही दाखल्यांवर कारण एकच, ताप. ते पटकन वाचता आलं, तिथेच पाल चुकचुकली. नाव-वय डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात, आणि कारण मात्र मोत्यांसारखं. ते अक्षर आपल्या बाबांचं आहे. नोंदणी कचेरीत दाखले त्यांच्याच टेबलावर यायचे. चुकलं की ब्लेडने शाई खरवडून वर लिहायचं, ही तिथल्या कारकुनांची रीत. पण डॉक्टरांनी टाक दाबून लिहिलं होतं, त्याचे वळ कागदाच्या मागे उठलेत. आरसा धरून दुपारभर ते लावत बसले. तिन्हींवर एकच निघालं. आत्महत्या.

आधी बाबांचा भयंकर राग आला, मग रडू आलं. बाप, भाऊ, बहीण. तिघांना त्यांनी लोकांच्या तोंडातून सोडवलं आणि आपल्याला अंधारात ठेवलं. तुझ्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांग. लाजू नकोस.

उलट टपाली चार ओळी तरी लिही.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्यापासून एक लपवलं होतं. घरात कोणी स्वतःहून जीव दिला आहे का, असं डॉक्टरांनी स्पष्टच विचारलं होतं. मी नाही म्हणालो. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. उद्या तुझं पत्रच त्यांच्यापुढे ठेवणार आहे.

मग त्यांनी विचारलं होतं, तुमच्या मनात तसं येतं का. त्यालाही मी नाहीच म्हणालो. ताई, ते खोटं होतं. हिला आत्ताच सांगितलं, ती शेजारी बसून आहे.

लोभ आहेच, तो घेऊन मिळेल त्या गाडीने ये.

तुझा,
धाकटा