पोफळीचा गुडघा

४ डिसेंबर २०२५

सलिलचं दहावं झालं. कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. नातेवाईक एकेक सुचवत होते — सुनेला मुलीसारखं सांभाळीन म्हणा, बाग विकणार नाही म्हणा. सगळं म्हटलं. कावळे सुरूच्या झाडावर बसून राहिले.

मग मनात म्हटलं — तुझ्या त्या पोफळीचा गुडघा बरा होऊन तो खेळेपर्यंत मी लक्ष ठेवीन. लगेच शिवला!

कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

५ डिसेंबर

पोफळी म्हणजे सलिलच्या आवडत्या बास्केटबॉल संघातला सर्वांत उंच खेळाडू. संघ अमेरिकेतला, व्यावसायिक. बारीक आणि सरळसोट उंच, म्हणून सलिलने हे नाव ठेवलं. नोव्हेंबरात त्याचा गुडघा गेला, नंतर थोड्याच दिवसांत म्हसळ्याच्या रस्त्यावर अपघातात सलिल.

सकाळच्या चहाला तो रोज सांगायचा — आज कोण जायबंदी, कोण परतला. मी पेपरातून मान वर न करता हूं म्हणायचो.

त्याचा फोन चार्जिंगला लावला. संघाची बातमी आली की त्यात पंचाची शिट्टी वाजते. पहाटेच वाजते, तिकडे तेव्हा संध्याकाळ.

९ डिसेंबर

पोफळी नाही. शिवाय एकाचा अंगठा दुखावला, एकाची पाठ.

१७ डिसेंबर

गुडघ्यातली गादी फाटली होती, शस्त्रक्रिया झाली आहे. बाजारात डॉक्टर भेटले. किती दिवस लागतात, विचारलं. कोणाचा गुडघा, म्हणाले. ओळखीतला एक मुलगा आहे, म्हटलं. उंची विचारली. सात फूट सांगितल्यावर माझ्याकडेच बघत राहिले — आणि मलाच झोप नीट लागते का ते विचारलं.

२६ डिसेंबर

आनंदीबाई सुपारी सोलायला येते. मी फोनवर काय वाचतो ते तिने ओळखलं आहे. आज विचारलंन, तो अमेरिकेतला पोरगा चालाया लागला का? चालतो, पळत नाही अजून, मी म्हटलं.

"मग तुमच्यापरीस बरा हाय. तुम्ही तर खुर्चीतनं उठत न्हाय."

संध्याकाळी समुद्रापर्यंत जाऊन आलो.

४ जानेवारी २०२६

पोफळी सरावाला उतरला. नुसते चेंडू टाकतो, उडी नाही.

सूनबाईचा, कल्पिताचा भाऊ प्रज्योत तळा गावाहून आला होता. तिथल्या शाळेत शिक्षिकेची जागा आहे, संक्रांतीनंतर तिला नेतो म्हणाला. बरोबरच आहे. तिचं वय काय! मी बरं म्हटलं. ती आत पोळ्या करत होती. तिने मला काही विचारलं नाही, मी तिला काही विचारलं नाही. महिनाभर आम्ही दोघं असेच जेवतो आहोत.

८ जानेवारी

सकाळी कल्पिता चहा ठेवून गेली नाही, उभी राहिली.

"दादा, तो फोन बंद करा ना. शिट्टी वाजली की झोपेत मला वाटतं, हे उठले. मी शेजारी हात लावून बघते."

रोज! आणि मी तो मुद्दाम रात्री चार्ज करून ठेवत होतो, बैठकीत, तिच्या भिंतीला लागून.

मग दहाव्याचं सगळं सांगितलं. कावळ्याचं, पोफळीचं. हसेल वाटलं. हसली नाही. शब्द दिलाय तर पाळा, म्हणाली. फोन घेऊन आवाज तिनेच बंद केला. दारापाशी थांबून म्हणाली, "मला कधी नाही सांगितलं संघाचं. म्हणायचे, ते दादांसाठी. दादांना आवडतं."

मी तर कधी नीट ऐकलंही नव्हतं.

९ जानेवारी

तिला पोफळी दाखवला. केवढा हो हा, म्हणाली.

१५ जानेवारी

अंगठावाला परतला. आनंदीबाईलाही सांगितलं.

२० जानेवारी

पोफळी खेळला. थोडाच वेळ, पण खेळला. उडी मारून खाली आला तेव्हा मी डोळे मिटले होते. कल्पिता म्हणाली, उघडा, उभा आहे तो.

दुपारी प्रज्योत गाडी घेऊन आला. बॅगा भरलेल्याच होत्या. तिने नमस्कार केला. मी सुपारीची पिशवी दिली. 

शब्द पुरा झाला. सलिलचा फोन बंद करून कपाटात ठेवला.

२१ जानेवारी

काही नाही.

२४ जानेवारी

पहाटे माझा फोन वाजला. घाबरून उचलला. तळ्याहून कल्पिता.

"दादा, उठलात? तो पाठवाला परत बाहेर बसलाय. आणि एका नव्या मुलाचा घोटा मुरगळलाय, दोन आठवडे तरी नाही. चहा घेतलात का? घ्या, मी थांबते. बाकीचं सांगायचंय अजून."