चाळीची दुपारची पाहणी

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार
आजपासून नियमित लिहिणार. पालिकेतला रोजंदारीवरचा माणूस कायम झाला की अशी टिपणे उपयोगी पडतात. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या कामगार चाळीला शासनाने घरपट्टी माफ केली आहे. पालिकेचे जेवढे उत्पन्न बुडेल तेवढे अनुदान शासन देणार. मात्र प्रत्येक घरात कामगार राहतो हे पाहणी करून लिहून द्यायचे. पाहणी माझ्याकडे! हेडक्लार्क मन्मथप्पा म्हणाले, "नीट कर, मार्चनंतर तुझं कायमचं बघू." बघू कसले? झालेच.

१३ फेब्रुवारी
अंजनावहिनीने डोके फिरवले. दादा जिनिंगला कामाला, आम्ही त्याच चाळीत बावीस नंबरला राहतो, म्हणून ती मला शिकवणार! "भावजी, दुपारचं काहून जाता? समदे कामावर अस्त्यात. सांजच्याला जावा." ऑफिसची वेळ पावणेसहापर्यंत. वेळेबाहेरची पाहणी बेकायदा. दादा हसला. रागाने जेवलो नाही. (दोनच भाकरी.)

१५ फेब्रुवारी, दुपारी ३
चौऱ्याऐंशी घरे. एकसष्टांना कुलूप! शासन यांच्यासाठी एवढे करते आणि या लोकांना घरी थांबवत नाही. खरे तेच लिहिले : 'बंद. कोणी राहत नाही.' सात नंबरच्या मंजुळाबाई ओट्यावरून ओरडल्या, "आरं बाबा, त्यांची धुणी वाळत हायेत की दोरीवर. भुतं धुवून गेली व्हय?" फॉर्मात धुण्याचा रकाना नाही. दुर्लक्ष केले.
बावीस नंबरलाही कुलूप. किल्ली माझ्याच खिशात. पण घरच्यांना सूट दिली असे कोणी म्हणायला नको. 'बंद' लिहून पुढे गेलो. असा प्रामाणिकपणा पालिकेत दुसऱ्या कोणात आहे?

१९ फेब्रुवारी
मन्मथप्पांनी अहवाल न वाचता सही केली. एवढा विश्वास!

२६ मार्च
अनुदान तेवीस घरांचेच मंजूर. बाकीच्यांची माफी रद्द, घरपट्टीच्या नोटिसा निघणार. मन्मथप्पा सगळ्यांसमोर ओरडले, "काय बे, चाळीत राहतोस अन् चाळच रिकामी लिहितोस?" सही त्यांची, शिव्या मला. संध्याकाळी पुन्हा पाहणी करतो म्हणालो. म्हणाले, मुदत संपली.

३० मार्च, शनिवार
नोटिसा मीच वाटायच्या. या वेळी संध्याकाळी गेलो. सगळी दारे उघडी. घरोघर शिव्या. मंजुळाबाई थुंकल्या. मी कोणाला उलट बोललो नाही. लोकांना अनुदानातले काही कळत नाही.
ऑफिसातून निघतानाच मन्मथप्पांनी सांगितले होते, एक तारखेपासून येऊ नको. ही बातमी चाळीत माझ्याआधी पोचली होती.
शेवटची नोटीस बावीस नंबरची. वहिनी चुलीपुढून उठलीच नाही. दादाने नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "सोमवारी सातला माझ्यासंगं चल. मुकादमाला बोललोय. सरकी उचलायची हाय."
हो म्हणालो.