दोन नंबरच्या पडद्यावरची खिडकी

३ फेब्रु., मंगळ.
अभ्यासिकेत आज नको ते झालं. प्रज्ञा दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर पोलीस भरतीची सराव परीक्षा सोडवत होती. पडद्याच्या कोपऱ्यात खिडकी उघडली, त्यात उघडी बाई. बंद केली की दुसरी. नेमका तिचा बाप बाळू डबा घेऊन मागं उभा. त्यानं तिची वही उचलली, "चल." लेखी वीस दिवसांवर.

४ फेब्रु.
सगळ्या पोरांना उभं करून झापलं. कोण काय बघतं इथं? कुणी कबूल होईना. निवृत्तीनंतर वस्तीनं समाजमंदिराच्या या खोलीची किल्ली विश्वासानं माझ्याकडं दिली, आणि हे असं. नोटीस लावली : मुलींनी कॉम्प्युटर मी समोर असतानाच वापरावा.

५ फेब्रु.
जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर टाकायचं ठरवलं. पडद्यावर आपोआपच आलं, 'जाहिराती कायमच्या बंद, मोफत'. दाबलं. आता खिडक्या दुप्पट, एक तर बोलतेसुद्धा. शिरूरला भाचीला, सुषमाला फोन. तिच्या ऑफिसातले कॉम्प्युटर तीच बघते. पोटभर हसली. "मामा, ती जाहिरातच व्हती. आधी ते काढून टाका."

६ फेब्रु.
सुषमानं तीन नावं दिली. पहिलं दर महिन्याला पैसे मागतं, बाद. दुसरं म्हणजे अख्खा नवा ब्राउझर. आपल्या जुन्या मशीनवर उघडता उघडता चहा होतो. तिसरं आहे त्या ब्राउझरला जोडायचं, लहानसं. पण 'तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान वाचू का?' अशी परवानगी मागतं. हात अडला. सुषमा म्हणाली, "वाचल्याबिगर अडवंल कसं?" पटलं. तरी बनवणारे कोण, लोक काय म्हणतात, हे तासभर वाचून मगच टाकलं.

७ फेब्रु.
कोपऱ्यातली खिडकी येतेच.
सुषमा : "ते नोटिफिकेशन हाय मामा. कुणीतरी त्या साइटला 'अलाउ' दिलंय. सेटिंगमधी यादी बघा."
यादीत एकच नाव. ओळखीचं. हिस्ट्रीत वार रविवार, दुपारचे दोन. रविवारी अभ्यासिका बंद असते. फुकटात मॅच बघायला मीच बसलो होतो. मध्ये काहीतरी विचारलं, ओव्हर चुकू नये म्हणून न वाचता दाबलं.
नाव काढलं. नोटीस फाडली. फार लाज वाटली.

८ फेब्रु., रवि.
बाळूला खरं सांगायचं का? नवीन सॉफ्टवेअर टाकलंय, पोरीला पाठव, एवढं म्हटलं तरी भागेल. निघालो, चौकातून परत आलो.

९ फेब्रु.
आधी पोरांची माफी मागितली. मग बाळूच्या घरी. सगळं सांगितलं, मॅचसकट.
बाळू म्हणाला, "काका, म्या पोरीलाच इचारलं. तू रोज हेच बघाया जातीस का म्हणून."
प्रज्ञा आत होती. बाहेर आली नाही.

११ फेब्रु.
प्रज्ञा आली. बाळूही आला, खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसला. सराव पेपर संपला पण निकाल उघडेना. तो वेगळ्या खिडकीत उघडतो, सॉफ्टवेअरनं तीही अडवलेली. तेवढ्या एका साइटला मोकळीक द्यायला गेलो तर प्रज्ञानं माऊस धरला. "थांबा आबा. आधी नाव वाचू द्या." वाचलं, मग तिनंच दाबलं. शंभरात एक्क्याऐंशी.
बाळू वरच्या कोपऱ्यात बघत होता. "ह्यो सदतीस आकडा कशाचा?"
म्हटलं, एवढ्या जाहिराती अडवल्या.
"आन् एखादी सुटली तर?"
प्रज्ञा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तवा बी मलाच इचारणार का, पप्पा?"
जाताना तिचा डबा बाळूनंच उचलला. कॉम्प्युटरच्या उद्याच्या पाळ्यांच्या तक्त्यात दोन नंबरपुढं मी तिचं नाव लिहिलंय, अजून पेन्सिलनं.