संत क्लाराच्या दिवशी नाच

७ मे, सकाळ
लिबोरियोचा खोका हाँगकाँगहून आला. साबण बारा, मटणाचे डबे आठ, टॉवेल चार, चॉकलेट (लपवलं). हमाली वीस पेसो. पंधरात मानला असता, पण फादर समोर उभे होते. सोबत फोटो: लिबोरियो आणि त्याचा मित्र एफ्रेन, सारख्या शर्टात. दोघांत एक खोली, एकच पलंग. भाडं वाचतं. माझंच वळण!

८ मे
मुलगा चौतिसाचा झाला. चार वर्षं घरी फिरकला नाही. कारण उघड आहे, इथे वाट बघायला बायको नाही. ठराव: यंदा ओबांदोच्या जत्रेत नाचायचं. सतरा तारीख संत पास्कलची, तो बायको मिळवून देतो. लिबोरियोच्या वतीने मी नाचणार. गुडघ्यांना आजच कळवलं.

११ मे
पार्लरवाला टिटोय चर्चमधल्या मरियामातेच्या नव्या झग्याचं माप घेऊन गेला. मुरडत चालतो, पण टाके देवदूताचे. अशा लोकांबद्दल माझं मन मोठं आहे. फक्त ते दुसऱ्याच्या घरात जन्मावेत. त्याला तसं सांगितलंसुद्धा, प्रेमानं. म्हणाला, मावशी, माझी आईपण अगदी हेच म्हणायची, मी जन्मेपर्यंत.

१६ मे
शेजारच्या सेबेरिनाचा मासळीचा ट्रक अठराला ओबांदोला जातोय. फुकट. उद्या गेले तर जीपचं जाऊन-येऊन भाडं. जत्रा तीन दिवसांची, रोज एका संताची; पण तिन्ही संत एकाच वेदीवर उभे असतात, एका दिवसानं काय बिघडतं? अठराच ठरवली. काटकसर हेही पुण्यच.

१८ मे, संध्याकाळ
तीन तास नाचले. भोवती सगळ्या लग्नाच्या पोरी. एकीनं विचारलं, आजी, या वयात नवरा हवाय? म्हटलं, माझ्यासाठी नाही गं, मुलासाठी. म्हणाली, मग मिळालाच समजा! आज संत क्लाराचा दिवस, ती नवरेच देते. परतताना हे ऐकून सेबेरिना इतकी हसली की ट्रक बाजूला घ्यावा लागला. संतांना मनातलं कळतं, असं तिला बजावलं.

१९ मे
कन्फेशनला गेले. लिबोरियोला पापं असलीच तर ती माफ व्हावीत म्हटलं. फादर म्हणाले, बाई, स्वतःची सांगा, मागे रांग आहे. एकही आठवेना.

२७ मे
लिबोरियोचं पत्र. आई, एफ्रेन नुसता मित्र नाही, सहा वर्षं आम्ही नवरा-बायकोसारखे राहतो. येऊ तर दोघं येऊ, नाहीतर कोणीच नाही.
शिक्का बारा मेचा. म्हणजे माझ्या नाचण्याचा दोष नाही. एवढं तरी बरं.
सेबेरिनाला हळूच सांगितलं. ती म्हणाली, अगं कोन्सोर्सिया, साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुला सांगायचं कोणी, यावरच आमचं अडलं होतं.

२८ मे
कडक पत्र लिहिलं. चार पानं, बायबलच्या दाखल्यांसह. पाकीट बंद केलं. मग मनात आलं, हे पोचलं तर तो कधीच यायचा नाही. फाडलं. तिकीट तेवढं वाफेवर सोडवून घेतलं.

२९ मे
आज टाकलेल्या पत्राची नक्कल:
बाळा, मला सगळं समजलेलं नाही. फादरांना विचारणार नाही, ते काय म्हणतील ते मला पाठ आहे. तुम्ही दोघं या. एफ्रेनला जेवायला काय आवडतं आणि तो मला काय म्हणून हाक मारणार, ते परतीच्या टपालानं कळव.