सिग्नल पडला की

ता. ३ जून

चि. माईस, अनेक आशीर्वाद.

नव्या घरापासून ठकीची शाळा रुळांच्या पलीकडे आणि वाटेत फाटक नाही, हे तुझ्या पत्रात वाचलं. पस्तीस वर्षं इंजिन चालवलेल्या ड्रायव्हरची लेक गाडीला घाबरते म्हणून तुला चिडवणार होतो. पण घाबरतेस तेच बरं. नातीला गाडी समजावून द्या म्हणालीस, म्हणून हे तिच्यासाठी. वाचून दाखव.

ठके, चाकं लोखंडी, रूळही लोखंडी. म्हणून गाडी झरझर धावते आणि म्हणूनच चटकन थांबत नाही. ब्रेक लावला तरी अर्धा मैल जाते. खांबावरचा लाल हात आडवा असला की थांबायचं. सिग्नल पडला, म्हणजे तो हात खाली झुकला, की निर्धास्त पुढे जायचं. पाठ कर.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझे बाबा

ता. ८ जून

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचा धडा ठकीला तोंडपाठ झाला. घास तोंडात असतानाही म्हणते, आणि ह्यांनी एक शब्द चुकवला तर कान धरायला लावते. सोमवारपासून आम्हा दोघांची गिरणीत सकाळची पाळी, तेव्हा ती एकटीच शाळेत जाईल. जीव खालीवर होतो, पण तुमच्या शिकवणीवर भिस्त आहे.

औषध वेळेवर घ्या. माया असू द्यावी.

तुमची माई

रविवार, ता. ९ जून

चि. माईस,

आज दाढी करताना वस्तरा हातातच राहिला. अगं, सिग्नल पडला की पुढे जायचं ते ड्रायव्हरने! रुळाशी उभं असलेल्याने तेव्हाच थांबायचं. गाडी येणार म्हणूनच तो पडतो. मी पोरीला इंजिनात बसून लिहिलं गं. तार केली आहे, ‘ठकीला रुळाकडे सोडू नको’ म्हणून. ती वेळेवर पोचेल ना? तिला सोडू नकोस.

बाबा

ता. ११ जून

ती. बाबांस, शि. सा. न.

ठकी सुखरूप आहे, हे आधी वाचा.

सोमवारी तार आली तेव्हा आम्ही कामावर, दाराला कुलूप होतं. ठकी शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलीचा हात धरून रुळाशी गेली. लाल हात आडवा, म्हणून तिलाही थांबवून धरलं. सिग्नल पडल्यावर दोघी निघाल्या. शिटी वाजली तरी ठकी थांबेना, कारण तिच्या लेखी सगळं बरोबर होतं. रूळ तपासणाऱ्या गँगमनने दोघींना दप्तराला धरून मागे ओढलं. गुडघे फुटले, तेवढ्यावर निभावलं. रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला मला बोलवायला गिरणीत आला, तशी मी पाळी टाकून धावले.

तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही. मीही तुमचीच लेक. ‘सिग्नल पडला की पुढे जायचं’ हे वाक्य ऐकत वाढले, मलाही खटकलं नाही.

आजोबांचं चुकलं होतं, असं ठकीला सांगितलं. तिने विचारलं, आजोबा गाडी चालवायचे तेव्हा सिग्नल पाहून पुढे गेलेली दुसरी कुणी मुलगी त्यांना दिसली होती का? मला एक आठवलं. लहानपणी एकदा तुम्ही कामावरून आल्यावर तीन दिवस जेवला नव्हतात आणि आईने आम्हाला काही विचारू दिलं नव्हतं.

ठकीला उत्तर तुम्हीच लिहा. मला नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमची माई