व्हिएन्नाच्या पियानोत संबळ

१७ नोव्हेंबर, सोमवार

थंडी पडली. सकाळी बोटं आखडतात, चहाचा कप धरून सरळ करावी लागतात. शाळांच्या गॅदरिंगची कामं आली. जळकोटची एक, नळदुर्गच्या दोन. सगळ्यांना गाण्यांचे ट्रॅक हवेत आणि सगळ्यांना उद्याच हवेत. तक्रार नाही. मागच्या साली याच दिवसांत माशा मारत बसले होते.

सेलमध्ये एक पियानो घेतला. खरा नव्हे. कुठल्यातरी खऱ्या पियानोची एकेक पट्टी वाजवून रेकॉर्ड केलेली असते, ती सगळी लॅपटॉपमध्ये घालायची, की आपल्या साध्या कीबोर्डवर तो पियानो वाजतो. याचं नाव 'व्हिएन्ना राजवाडा'. जाहिरातीत झुंबरं, पडदे, संगमरवर. माझा नवरा, प्रमोद, म्हणाला, "अणदुरात बसून राजवाडा! चालू द्या राणीसाहेब." आणि गेला आपल्या मोबाइलच्या दुकानात.

आवाज मात्र… पहिल्याच सुराला हात थांबला. ओळखीचा वाटला. का ते कळेना. पाच-सहा वेळा तोच सूर वाजवला, मग कामाला लागले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

दुपारी खालच्या सप्तकातला एक सूर वाजवला, पेडल दाबून धरलं. सूर विरत विरत जातो, ते ऐकायला मला आवडतं. विरता विरता मागून संबळ. मला वाटलं मोबाइलवर कुठं आरती लागलीय. बंद केला. पुन्हा वाजवलं, पुन्हा संबळ. प्र.वर ओरडले, "अहो, ते बंद करा!" प्र. घरात नव्हताच.

कानाला हेडफोन लावला. आवाज पार वरपर्यंत नेला. सूर संपता संपता संबळ आणि त्यामागं, बारीक पण स्पष्ट, बायाबापड्यांचा घोळका: "आई राजा उदो उदो!"

व्हिएन्नाच्या राजवाड्यात!

एकटीच हसत सुटले. शेजारच्या काकू खिडकीतून डोकावल्या, बाईला काय झालं म्हणून. हसता हसताच लक्षात आलं आणि हसू गेलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खात्री केली. मधल्या सप्तकातला ध, पट्टी सोडताना 'टक' वाजतो. जगात असा पियानो एकच. काझी सरांचा, तुळजापूरचा.

त्याच्यावर मी शिकले. सहावीपासून. सरांच्या वडिलांनी तो सोलापूरच्या एका शाळेच्या लिलावातून आणलेला, कांद्याच्या ट्रकमधून. सर सांगायचे, महिनाभर पट्ट्यांना कांद्याचा वास होता. सर शाळेत संगीत शिकवायचे, घरी आम्हाला. तेव्हा आम्ही तुळजापुरातच राहायचो. बाबांनी फी विचारली तेव्हा सर म्हणाले, "पोरगी रोज आली पायजे, हीच फी." आज माझं घर चालतं ते त्या वाक्यावर. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

पियानो आता नाही. वाळवीनं आतून खाल्ला. तीन वर्षांपूर्वी लाकूड चुलीत गेलं, लोखंडी सांगाडा भंगारात. तेव्हापासून सरांनी कशालाच हात लावला नाही. पेटीसुद्धा नाही. शिकवण्या बंद.

आणि रेकॉर्डिंग कुणी केलं तेही माहीत आहे. पियानो जाण्याआधी पुण्याहून निनाद नावाचा एक रेकॉर्डिंगवाला आला होता. तिशीचा, बोलायला गोड. आठवडाभर सरांकडंच राहिला, चाचींच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, हातचं जेवला, एकेक पट्टी रेकॉर्ड केली. म्हणाला, ज्यांना पियानो परवडत नाही अशा पोरांना फुकट देणार. सर अजून भेटेल त्याला सांगतात, "आपला पियानो गेला न्हाय, निनादनं वाचवला. आता गरिबाची पोरं वाजवत असतील."

हे त्यांना कोण सांगणार?

२२ नोव्हेंबर, शनिवार

त्याच विक्रेत्याचे अजून चार पियानो आहेत. पॅरिसचं कॉन्व्हेंट, लंडनचं जुनं नाट्यगृह, रशियन अकादमी, प्रागचा कुणी उमराव. नमुने फुकट ऐकता येतात. चारही ऐकले. चारहींत टक. एकाला घुमारा जास्त, एक गोधडीखाली वाजवल्यासारखा, एकाचा सूर जरा उतरवलेला. एकच बाई पाच लुगडी नेसून पाच घरी जेवून आली.

खाली लोकांची कौतुकं. एका परदेशी माणसानं लिहिलंय की राजवाड्याच्या संगमरवरी दालनाचा घुमारा अंगावर काटा आणतो. अरे बाबा, ती शहाबादी फरशी आहे. वर पत्रा आहे.

राग आलाय. आणि सारखा तोच पियानो वाजवतेय. दोन्ही.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्र.ला सगळं सांगितलं. आधी म्हणाला, पोलिसात जा. मग जेवताना म्हणाला, "नको. सरांना सांगू नको. या वयात त्यांचा त्या पोरावरचा जीव उडाला तर काय मिळणार तुला?"

बरोबर आहे. पण मग त्यांचा पियानो माझ्या लॅपटॉपमध्ये आहे, हेही लपवायचं? तीन वर्षं ज्या आवाजासाठी ते गप्प बसलेत तो मी इथं गॅदरिंगच्या नाचगाण्याखाली वाजवायचा आणि त्यांना ऐकवायचा नाही?

ऐकवलं तर कुठून आला ते सांगावं लागेल. खोटं बोलता येणार नाही. त्यांच्यासमोर आजवर कधी बोलता आलं नाही.

आमच्या गावचे देव सालाबादप्रमाणे दोन महिने नळदुर्गच्या देवळात मुक्कामाला गेलेत. इथल्या देवळाकडं शुकशुकाट. कौल कुणाला लावायचा म्हणते मी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

निनादला फोन. नंबर जुन्या मेसेजात सापडला. म्हटलं, "व्हिएन्नात मंगळवारी संबळ वाजतो का हो?" तिकडून फोन कट. नंतर तीनदा लावला, उचलला नाही.

सरांनी त्याला बजावलं होतं, मला आठवतं. मंगळवार देवीचा वार, आमची गल्ली देवळाच्या वाटेवर, घरातलं बोलणं घरात ऐकू येत न्हाय, त्या दिवशी मशीन लावू नको. घाई असणार. तुळजापूरच्या माणसानं मंगळवारी झोपेतही रेकॉर्डिंग केलं नसतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निनादचा मेसेज, बोललेला, लांबलचक. दोनदा ऐकला.

म्हणतो, ताई, आधी मी खरंच फुकट ठेवला होता. 'काझी सरांचा पियानो, तुळजापूर', सरांचा फोटोही लावला होता. वर्षभरात कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एकदा नुसतं नाव बदललं, राजवाडा केला. लोक तुटून पडले. दुसरा आहे का, तिसरा आहे का. मग थांबता आलं नाही.

शेवटी रडत होता. मला रडणाऱ्या माणसाचा लगेच विश्वास वाटत नाही. पण फोटोचं खरं असावं. फुकट ते कुणी घेत नाही, आणि आपल्या गावचं तर नाहीच. मी तरी घेतला असता का? 'तुळजापूर' वाचून पुढं गेले असते. झुंबर पाहून भुलले.

३० नोव्हेंबर, रविवार

तुळजापूर. नळदुर्गला गाडी बदलून. लॅपटॉप आणि छोटा कीबोर्ड चादरीत बांधून मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेकरू लई गुणी, रडत बी न्हाय." सगळी गाडी हसली. बरं वाटलं.

चाचींनी दारातच हात धरून आत नेलं, शेंगोळे वाढले, नको म्हणायची सोय नाही. सर वाळलेत. पियानोच्या जागी आता ज्वारीची पोती.

घाबरत घाबरत सगळं सांगितलं. राजवाडा, पॅरिस, पैसे, निनाद. सर जमिनीकडं बघत ऐकत होते. मधे एकदाच विचारलं, "आवाज हाय का तुझ्यापाशी?"

कीबोर्ड पोत्यावरच ठेवला. मी वाजवू लागले तर म्हणाले, "तू सरक." पण स्वतःही लगेच वाजवलं नाही. हात मांडीवर. चाची उभ्या. मग एका बोटानं तोच ध. टक.

चाची म्हणाल्या, "या अल्लाह, हा तर आपलाच हाय!"

सरांनी टोपी काढून पोत्यावर ठेवली. दहाही बोटं ठेवली. बोटं अडखळत होती, मधेच थांबत होती. मी भिंतीकडं तोंड करून बसले.

मग मी तो खालचा सूर ऐकवला, विरेपर्यंत. उदो उदो. आधी चाची हसल्या, मग सर, दम लागेपर्यंत. "म्हणलं हुतं त्याला! मंगळवारी नको म्हणलं हुतं!" संगमरवरी दालनाचं सांगितलं तर चाचींनी फरशीवर पाय आपटून दाखवला. "माझी फरशी! रोज म्या पुसते!"

वाटलं, संपलं. एवढंच होतं. पण चहा झाल्यावर सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "पैशाचं काय न्हाय गं. खाऊ दे. पण त्याला तुळजापूर सांगायची लाज वाटली का? आठ दिवस माझ्या ताटात जेवला."

मी फोटोचं सांगितलं. वर्षभर कुणी घेतला नाही, तेही. ते त्यांना जास्तच लागलं असावं. उगीच सांगितलं.

निघताना त्यांना म्हटलं, जे आजवर म्हटलं नव्हतं. तुम्ही फी घेतली नाही म्हणून मी आज कमावते. म्हणाले, "जा, गाडी चुकंल." पण स्टँडपर्यंत सोडायला आले. कीबोर्ड, लॅपटॉप मी तिथंच ठेवून आले. गॅदरिंगची कामं प्र.च्या जुन्या लॅपटॉपवर, रखडत का होईना, करीन.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी दिवा लावताना सगळ्यांची नावं घेतली. सर, चाची, प्र., तो कंडक्टर. आणि निनाद. ओठावर आलंच. त्यानं चोरलं नसतं, राजवाड्याचं सोंग आणलं नसतं, तर माझ्या कानावर तो आवाज आला असता कसा? भंगारात गेलेली वस्तू आहे ती. चोराचे आभार मानायची वेळ आली. मानले.

राग गेलेला नाही. तो वेगळ्या खिशात आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

सरांचा प्रश्न निनादला जसाच्या तसा कळवला. माझं एक अक्षर घातलं नाही. परवा कळवला, आज पाहते तर पाचही पियानो गायब. ज्यांनी घेतले होते त्या सगळ्यांना त्यानं लिहून कळवलंय की हा एकच पियानो आहे आणि तो कुठला आहे. शिव्या पडतायत. काही जण पैसे परत मागतायत, देतोय म्हणे. एका बाईनं लिहिलंय, मला संबळासकट हवा.

मला त्याचा मेसेज: ताई, आता एकच ठेवीन. खऱ्या नावानं. पण सरांनी हो म्हटलं तरच. मी त्यांना फोन करू का? हिंमत होत नाही.

म्हटलं, मी विचारते. पण घाई करणार नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

चाचींचा फोन. आवाज दबलेला, स्वयंपाकघरातून बोलत असणार. "बेटा, तुझं मशीन परत न्यायला येऊ नको गं इतक्यात. सकाळी नमाज झाली की बसतेत. जेवायला हाका मारून म्या दमले. लई दिवसांनी दमले." आणि हसल्या.

फोन ठेवून भाकरी करायला बसले. पहिल्या दोन करपल्या. प्र.नं त्याच खाल्ल्या. याचेही आभार.

१४ डिसेंबर, रविवार

तुळजापूर. या वेळी रिकाम्या हातानं.

ज्वारीची पोती आतल्या खोलीत गेलीत. जागा झाडून घेतलेली. खाली टेबल, वर कीबोर्ड, चाचींचा विणलेला रुमाल. सर वाजवत होते. मी आले ते पाहिलं, थांबले नाहीत. मी बसून राहिले. किती वेळ ते पाहिलं नाही.

थांबल्यावर निनादचं सगळं सांगितलं. पाचही काढले, शिव्या खाल्ल्या, आता तुमच्या नावानं ठेवायचा म्हणतो, तुम्ही हो म्हणालात तर. त्याला यायचंय, पण दारात उभं राहायची हिंमत नाही.

चाची मधेच म्हणाल्या, "येऊ द्या की. पोरगंच हाय." सरांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

"मग काय कळवू त्याला?" मी विचारलं.

चष्मा पुसला, पुन्हा लावला. "हो म्हणायला तोंड उघडत न्हाय. आन् न्हाय म्हणायला हात तयार न्हाईत." मग पट्ट्यांकडं बघत म्हणाले, "थांबू दे जरा. म्या बी तीन सालं थांबलो की."

चाचींनी डबा दिला. निघाले. मी दाराशी पोचेपर्यंत सरांनी पुन्हा सुरू केलं होतं. बाहेर गल्लीत एक फुलवाली टोपली उतरवून ओट्यावर बसली होती. मला विचारलं, "कोण वाजवतंय ओ?"

"काझी सर," म्हटलं. "आमचे सर."